आधी आग सांभाळा, मग तापमान: पेलेट स्मोकरचा कंट्रोलर घरी बनवताना

भरताच्या वांग्याला धुंगार द्यायला दोन मिनिटं पुरतात. जळता निखारा वाटीत ठेवायचा, वर तुपाची धार सोडायची आणि झाकण लावायचं. पेलेट स्मोकर हाच धुंगार पाच-सहा तास, एकसारख्या मंद आचेवर देतो. अख्खी कोंबडी, मटणाचा खांदा, पनीर, लसणाचे गड्डे, काहीही ठेवा. आच ११० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली तर धूर नीट मुरतो आणि मांस हाडापासून अलगद सुटतं. ही आच राखणारा मेंदू म्हणजे कंट्रोलर. तो घरी कसा बनवायचा, ते मी नाशिकमध्ये माझ्या गच्चीवर जसं शिकलो तसं लिहितो आहे.

हे यंत्र मूळचं अमेरिकेतलं. ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात ते बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. रचना साधी आहे. एका हॉपरमध्ये, म्हणजे जळणाच्या डब्यात, लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, भरलेल्या असतात. खाली एक स्क्रू संथ फिरतो आणि त्या कांड्या पुढे ढकलत लोखंडी फायरपॉटमध्ये, म्हणजे आगीच्या भांड्यात, टाकतो. फायरपॉटला भोकं असतात, त्यांतून पंखा हवा देतो. सुरुवातीला पेटवण्यासाठी तळाशी एक हीटर रॉड असतो. स्क्रूची मोटर, पंखा आणि हीटर एवढ्या तीनच गोष्टी कंट्रोलरच्या हातात असतात आणि माहिती देणारा सेन्सर एकच. तिकडचे बरेच तयार कंट्रोलर त्यांच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरींसाठी असतात, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे स्मोकरचं धूड वर्कशॉपमधून वेल्ड करून घेतलं तरी मेंदूचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

मी पहिला कंट्रोलर बनवला तेव्हा तापमान अचूक कसं राखायचं याचाच विचार केला होता. गणित छान जमलं, स्क्रीनवर ११० च्या आसपास आकडा हलत होता. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि वीज गेली. पंखा थांबला. फायरपॉटमधली आग मात्र थांबली नाही, ती स्क्रूमधल्या कांड्यांवरून मागे हॉपरकडे चढू लागली. हॉपरच्या झाकणाच्या फटीतून पिवळट धूर येताना दिसला तेव्हा मला कळलं की तापमान हा कंट्रोलरचा दुय्यम धंदा आहे. आग जिवंत ठेवणं, ती तिच्या भांड्यातच ठेवणं आणि नको तेव्हा नीट विझवणं हे त्याचं पहिलं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

जागा आणि जळण

स्मोकर उघड्यावरच चालवा, गच्चीवर किंवा अंगणात. फ्लॅटची बंदिस्त बाल्कनी चालणार नाही. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जवळ वाळूची बादली हवी. आणि यंत्र चालू असताना कोणीतरी मोठं माणूस घरात हवंच.

पेलेटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चूक इथेच सर्वांत जास्त होते. आपल्याकडे बॉयलरसाठी भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड, सोयाबीनचा भुसा यांचे पेलेट सहज मिळतात आणि स्वस्त असतात. ते अन्नासाठी नाहीत. कच्च्या मालात काय काय मिसळलं आहे हे कळायला मार्ग नसतो, राख भरपूर पडते, आणि जाडी बहुधा आठ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असल्याने सहा मिलिमीटरच्या पेलेटसाठी बनवलेल्या स्क्रूत ते अडकतात. स्वयंपाकासाठी म्हणून विकले जाणारे, निव्वळ लाकडाचे, सहा मिलिमीटरचेच घ्या. प्लायवूड किंवा रंगवलेल्या फर्निचरचा भुसा कधीही नको.

नाशिकचा माणूस द्राक्षाच्या काड्यांचा विचार करणारच. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडे बांधावर काड्यांचे ढीग पडतात. द्राक्षाच्या लाकडाचा धूर खरोखर सुरेख असतो. पण बागेत वर्षभर बुरशीनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात आणि त्या सालीवर बसतात. फवारणी न झालेल्या वेलाची खात्री असेल तरच ते लाकूड वापरा, एरवी मोह टाळा.

पेलेटला ओल चालत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत पोतं उघडं राहिलं, तर कांड्या फुगतात आणि हातात घेतल्या की भुसा होतो. तोच भुसा स्क्रूत बसला की दगडासारखा घट्ट होतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम घ्या आणि स्वयंपाक संपल्यावर हॉपर रिकामा करायची सवय लावा. कांडी मोडून पाहायची, कट्कन मोडली तर चांगली.

सामान आणते वेळी

मेंदू म्हणून ईएसपी३२ हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड घ्या. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्येच प्रोग्रॅम करता येतो आणि वायफाय असल्याने तापमानाची नोंद फोनवर मिळते. तापमान मोजायला पीटी१०० प्रकारचा सेन्सर हवा, तीन वायरचा, स्टीलच्या नळीतला. हा कारखान्यांत रोज वापरला जातो, त्यामुळे सातपूर-अंबडच्या औद्योगिक सामानाच्या दुकानांत नुसतं ‘पीटी-हंड्रेड, थ्री वायर’ म्हटलं की पुढ्यात येतो. तो वाचण्यासाठी मॅक्स३१८६५ चिपचा छोटा बोर्ड लागेल. बरेच नवशिके थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) आणि तो वाचणारी मॅक्स६६७५ चिप घेतात, कारण ते स्वस्त असतं. पण त्या चिपची अचूकता काही अंशांनी मागेपुढे होते आणि थर्मोकपलचं टोक स्मोकरच्या पत्र्याला टेकलं की आकडे उड्या मारू शकतात. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासारखी ही जागा नाही.

माझा आग्रह असा की मोटर आणि पंखा दोन्ही १२ व्होल्टचे घ्या. मोटर गिअरची, मिनिटाला दोन फेरे, चांगल्या ताकदीची. पंखा ब्लोअर प्रकारचा. मग २३० व्होल्ट फक्त हीटरपुरते उरतात आणि चुकायच्या जागा एकदम कमी होतात. शिवाय वीज गेली तरी मोटर आणि पंखा बॅटरीवर चालू राहतात. हीटर म्हणून साधारण २५० वॉटचा कार्ट्रिज हीटर चालतो. घेताना मल्टिमीटरने मोजा: २३० चा वर्ग भागिले २५०, म्हणजे २११ ओहमच्या जवळ आकडा यायला हवा, आणि वायर ते बाहेरची नळी यांत काहीच जोड दिसता कामा नये.

याशिवाय आयआरएलझेड४४एन हे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) दोन, १एन५८१९ डायोड दोन, एक एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलणारे भाग नसलेला स्विच), १२ व्होल्ट कॉइलचा एक रिले, बीसी५४७ ट्रान्झिस्टर दोन, केएसडी३०१ ही ७० अंशांची बायमेटल चकती दोन (एक नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे तापली की जोड तोडणारी, दुसरी नॉर्मली ओपन, म्हणजे तापली की जोडणारी), १२ व्होल्टचा बझर, १२ चे ५ व्होल्ट करणारं बक मॉड्यूल, फ्यूज आणि त्यांचे होल्डर, आणि पाणी न शिरणारा प्लास्टिकचा डबा. आगीजवळ जाणाऱ्या वायरी फायबरग्लासच्या आवरणाच्याच हव्यात. पीव्हीसी तिथे वितळते.

पहिली पायरी: वीज

गच्चीवरच्या ज्या पॉइंटवरून वीज घेणार, त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते पाहा. नसेल तर आधी वायरमनला बोलवा, बाकी काम नंतर. स्मोकरचं लोखंडी धूड अर्थिंगला जोडायचं. रंग खरवडायचा, रिंग टर्मिनल लावायचं, दातेरी वॉशर घालून नट घट्ट आवळायचा आणि मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपर्यंत जोड तपासायचा. २३० व्होल्टचं काम स्वतः कधी केलं नसेल तर हीटरपुरतं जाणकाराकडून करून घ्या.

१२ व्होल्टसाठी बॅटरी जोडायची सोय असलेला पॉवर सप्लाय घ्या, इमारतींच्या दरवाजांच्या यंत्रणांसाठी मिळतो तो, पाच अँपिअरचा. त्याला १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी, छोट्या यूपीएसमध्ये असते तीच. पंखा, बोर्ड आणि मध्येमध्ये चालणारी मोटर मिळून सरासरी एक अँपिअरच्या आसपास लागतो, म्हणजे तीन-चार तासांची सोय होते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरला लगेच फ्यूज. बक मॉड्यूलचा स्क्रू फिरवून ५ व्होल्ट मल्टिमीटरवर दिसल्यावरच ईएसपी३२ जोडा. ही मॉड्यूल दुकानातून येताना कशावरही सेट असू शकतात.

वीज आहे की गेली हे कंट्रोलरला कळायला हवं. त्यासाठी एक जुना मोबाइल चार्जर प्लगला लावा. त्याचे ५ व्होल्ट १० किलोओहम आणि १५ किलोओहम अशा दोन रेझिस्टरमधून विभागले की मधल्या बिंदूवर ३ व्होल्ट मिळतात. ते ईएसपीच्या इनपुट पिनला द्यायचे. चार्जरचा निगेटिव्ह सर्किटच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका.

दुसरी पायरी: सेन्सर

पीटी१०० चं तत्त्व सरळ आहे. शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५ ओहम. तीन वायरींपैकी दोन एका रंगाच्या असतात, त्यांच्यात मल्टिमीटर जवळपास शून्य दाखवतो. तिसऱ्या वायरीशी मोजलं की खोलीच्या तापमानाला ११० ओहमच्या आसपास येतं. जोडायच्या आधी हे मोजून कागदावर लिहून ठेवा.

मॅक्स३१८६५ चा बोर्ड घेताना त्यावरचा संदर्भ रेझिस्टर ४३० ओहमचा आहे ना ते बघा. ४३०० चा असेल तर तो पीटी१००० साठी आहे. एडाफ्रूट या कंपनीच्या रचनेचे बोर्ड चार वायरींसाठी तयार येतात. तीन वायरींसाठी बोर्डवरची एक बारीक रेघ कापून ठरावीक जोड सोल्डरने बुजवावे लागतात. बुजवायचे जोड बोर्डवर छापलेले असतात. प्रोग्रॅममध्येही तीन वायर असं सांगावं लागतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांची राहून जाते: या चिपमध्ये वीजवाहिनीचा गोंगाट गाळायची सोय आहे आणि ती मुळात ६० हर्ट्झवर असते. चिपच्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडमधून, ती ५० वर आणा. मी आणली तेव्हा आकड्याची थरथर लगेच कमी झाली.

वाचन उणे २४२ अंश येत असेल किंवा ९८८ च्या आसपास अडकलं असेल तर सेन्सर खराब आहे असं समजून दुकानात परत जाऊ नका. बहुतेक वेळा वायर चुकीच्या टर्मिनलमध्ये असते किंवा सोल्डरचा जोड राहिलेला असतो.

आता तपासणी. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात सेन्सर पाच मिनिटं: शून्य दिसायला हवं. मग उकळतं पाणी. इथे १०० दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. मी सुरुवातीला हे विसरून प्रोग्रॅममध्ये दोन अंशांची ‘दुरुस्ती’ घातली होती, म्हणजे बरोबर असलेला सेन्सर बिघडवला होता. एखाद्या अंशाचा फरक तसाच राहू द्या.

सेन्सर जाळीच्या उंचीवर बसवा, पत्र्यापासून चार-पाच सेंटिमीटर आत आणि आगीच्या थेट वर नको.

तिसरी पायरी: मोटर, पंखा, हीटर

मोटर आणि पंखा प्रत्येकी एका मॉस्फेटवर. मॉस्फेट निगेटिव्ह बाजूला, गेटला १०० ओहमचा रेझिस्टर, आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम. हा दुसरा रेझिस्टर अत्यंत गरजेचा आहे. ईएसपी३२ चालू होताना क्षणभर त्याच्या पिना कोणाच्याच ताब्यात नसतात. त्या क्षणी हा रेझिस्टर गेटला खाली धरून ठेवतो. मोटरच्या आणि पंख्याच्या दोन टोकांमध्ये उलट दिशेने डायोड. आयआरएफ५२० ची तयार मॉड्यूल दुकानदार सहज पुढे करतात, पण ३.३ व्होल्टवर ती पूर्ण उघडत नाहीत आणि तापतात. ईएसपीच्या ०, २, १२ आणि १५ या पिना आउटपुटसाठी वापरू नका, बोर्ड कसा सुरू व्हावा हे त्यांच्यावर ठरतं. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट घेतात.

पंख्याचा वेग कमी-जास्त करायच्या भानगडीत सध्या पडू नका. तो पूर्ण वेगाने चालू द्या आणि तोंडावर सरकती पट्टी लावून हवा कमी-जास्त करा.

हीटरला एसएसआर. त्याला ईएसपीचे ३.३ व्होल्ट काठावर पुरतात, म्हणून मध्ये बीसी५४७ घाला आणि एसएसआरला १२ व्होल्ट द्या. बेसला एक किलोओहम, आणि बेस ते ग्राउंड १० किलोओहम इथेही. एसएसआर बिघडला की तो बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि बाजारात नकली माल पुष्कळ आहे. म्हणून त्याच्या मालिकेत साधा रिले हवा. आधी रिले जोडायचा, मग एसएसआर. बंद करताना उलटा क्रम. दुसरा बीसी५४७ या रिलेच्या कॉइलसाठी, आणि कॉइलवरही डायोड घालायचा, साधा १एन४००७ चालेल.

आता त्या दोन चकत्या. दोन्ही हॉपरच्या गळ्याशी, जिथे स्क्रूची नळी सुरू होते तिथे, पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवा. नॉर्मली क्लोज्ड चकती रिलेच्या कॉइलच्या १२ व्होल्टच्या वायरमध्ये घाला. गळा ७० अंशांवर गेला की प्रोग्रॅमला न विचारता हीटरची वीज तुटते. नॉर्मली ओपन चकती थेट १२ व्होल्ट आणि बझर यांच्यामध्ये. माझ्या गच्चीवर त्या दिवशी हा बझर असता तर धूर दिसण्याच्या बऱ्याच आधी कळलं असतं. बझर वाजला तर हॉपरचं झाकण उघडायचं नाही. उघडलं की चिमणीसारखा ओढा तयार होतो आणि आग आणखी वर खेचली जाते. पंखा चालू ठेवायचा आणि स्क्रू फिरवून नळीतलं जळतं जळण फायरपॉटमध्ये ढकलायचं. त्यासाठी डब्यावर मोटर थेट चालवणारं एक बटण वेगळं ठेवा.

चौथी पायरी: बंद होणं आधी लिहा

प्रोग्रॅम लिहिताना अवस्थांचा विचार करा: थांबलेला, पेटवणे, चालू, पुन्हा पेटवणे, विझवणे. यातली ‘विझवणे’ सगळ्यात आधी लिहून तपासा. त्यात मोटर लगेच बंद, हीटर बंद, आणि पंखा पंधरा मिनिटं चालू, म्हणजे भांड्यात उरलेलं जळून जातं. सेन्सरची वायर निघाली, वाचन अशक्य आलं, तापमान २०० च्या वर गेलं, प्रोग्रॅम अडकून वॉचडॉगने (बोर्डातल्या राखणदार टायमरने) बोर्ड पुन्हा सुरू केला, काहीही झालं तरी इथेच यायचं. शंका आली की विझवायचं.

पेटवण्याची कृती माझी अशी: पंखा सुरू, हीटर सुरू, भांड्यात मूठभर पेलेट हातानेच टाकलेले. चार मिनिटांनी मोटर १५ सेकंद चालू, ६५ सेकंद बंद या लयीत. पेटलं की नाही हे ठरवायला बरेच जण ‘५० अंश ओलांडले’ ही खूण वापरतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद स्मोकर नुसताच तेवढा तापलेला असतो, आणि कंट्रोलर आग लागली असं समजून हीटर बंद करतो. म्हणून सुरुवातीच्या तापमानापेक्षा ३० अंश वर, ही खूण ठेवा. ती डिसेंबरच्या निफाडकडच्या गारठ्यातही चालते. बारा मिनिटांत तेवढं चढलं नाही तर मोटर थांबवून ‘विझवणे’त जायचं. चढलं की हीटर लगेच बंद, नाहीतर तो लवकर जळतो.

आग मध्येच विझली तर? मोटर पूर्ण क्षमतेने चालू असूनही तापमान लक्ष्यापेक्षा ४० अंश खाली दहा मिनिटं राहिलं, तर विझली असं धरा. मोटर थांबवा, वीज असेल तर हीटर पाच मिनिटं लावा, एकदाच. तरी चढलं नाही तर ‘विझवणे’. वीज नसेल तर थेट ‘विझवणे’, कारण बॅटरीवर हीटर नाही. यानंतर भांडं हाताने रिकामं केल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही. न जळलेल्या कांड्यांचा ढीग तापला की दाट पांढरा धूर साठतो आणि मग एकदम भडका उडून झाकण उघडलं जातं. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाचवी पायरी: तापमान राखणं

आधी स्क्रू किती माल देतो ते मोजा. आग न लावता मोटर दहा मिनिटं सलग चालवा आणि पडलेले पेलेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माझ्याकडे ४०० ग्रॅम आले, म्हणजे तासाला २.४ किलो. लाकडाच्या एक किलो पेलेटमध्ये साडेचार ते पाच युनिट उष्णता असते. ११० अंश राखायला तासाला साधारण अर्धा किलो लागतं, म्हणजे मोटर वीस-पंचवीस टक्के वेळ चालली की भागतं.

मोटरचा वेग बदलायचा नाही, चालू राहण्याचा वेळ बदलायचा. २० सेकंदांचं एक चक्र धरा. गणिताने ०.४ सांगितलं तर आठ सेकंद चालू, बारा सेकंद बंद. किमान ०.१५ ठेवाच, म्हणजे प्रत्येक चक्रात तीन सेकंद. तापमान लक्ष्याच्या वर गेलं म्हणून मोटर पूर्ण थांबवली तर निखारे संपतात आणि आग मरते. नवशिक्याच्या कंट्रोलरमध्ये आग विझण्याचं मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण हेच.

गणित पीआयडीचं. त्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या सुकाणूसाठी मांडला होता. सुकाण्या केवळ आत्ताची दिशा पाहत नाही, जहाज किती वेळ भरकटलेलं आहे आणि आत्ता किती वेगाने वळतं आहे हेही पाहतो. आपल्या यंत्रात तेच तीन भाग. पहिला, लक्ष्य आणि आत्ताचं तापमान यांतला फरक. पट्टा, म्हणजे किती फरकाला मोटर पूर्ण वेळ चालावी ते, ३५ अंशांचा धरा: लक्ष्य ११०, आत्ता ९६, फरक १४, म्हणून १४ भागिले ३५, म्हणजे ०.४. दुसरा, साचलेला फरक, १८० सेकंदांच्या मापाने. तिसरा, तापमान किती झपाट्याने बदलतं आहे, ४५ सेकंदांच्या मापाने.

पेलेट स्मोकरमध्ये हा तिसरा भाग फार मोलाचा आहे. आत्ता पडलेली कांडी लगेच उष्णता देत नाही, तिला पेट घ्यायला काही मिनिटं लागतात. तापमान कमी आहे म्हणून आपण जळण ओतत राहतो, मग सगळं एकदम पेटतं आणि आकडा १४० वर. तिसरा भाग चढ दिसताच हात आखडता घेतो. दुसऱ्या भागाला मात्र मर्यादा घाला. गरम होण्याच्या काळात तो साचत राहिला तर नंतर तासभर उतरत नाही. लक्ष्याच्या पट्ट्यात आल्यावरच तो मोजायला सुरुवात करा.

झाकण उघडणं हा वेगळा विषय. अर्ध्या मिनिटात तापमान १५ अंशांनी पडलं तर आग विझलेली नाही, कोणीतरी कोंबडी पाहतं आहे. अशा वेळी आधीचंच प्रमाण चार मिनिटं धरून ठेवा आणि साचलेला फरक गोठवा.

पहिली पेटवणी

अन्नाशिवाय तीन तास चालवा. लक्ष्य ११०, आणि दर मिनिटाला तापमान व मोटरचं प्रमाण यांची नोंद. दहा अंशांनी वरखाली होत राहिलं तर पट्टा ३५ वरून ४५ करा. लक्ष्याखाली पाच-सहा अंशांवर बसूनच राहिलं तर १८० चे १५० करा. एका वेळी एकच आकडा बदला आणि अर्धा तास थांबा. मग मुद्दाम प्लग काढा: पंखा चालू राहतो का, बोर्डला वीज गेल्याचं कळतं का. सेन्सरची एक वायर काढा: ‘विझवणे’ सुरू होतं का. हॉपर रिकामा होऊ द्या: आग विझल्याचं किती वेळात कळतं. या तिन्ही परीक्षा पास झाल्याशिवाय मी कोणालाही त्यात मांस ठेवू देणार नाही.

ज्यांना प्रोग्रॅम शून्यापासून लिहायचा नाही त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा पायफायर हा खुला प्रकल्प आहे. तो घेतलात तरी वरची वायरिंग, चकत्या आणि बॅटरी तुम्हालाच करावी लागेल.

पहिल्या खेपेला अख्खी कोंबडी घ्या, मटणापेक्षा ती चुका जास्त पोटात घालते. मीठ, हळद, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये, आणि ठेवताना कोरडी पुसून. ११० वर दीड तास, मग लक्ष्य १५० करा म्हणजे कातडी चामट राहत नाही. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, वेगळा थर्मामीटर खुपसा. ७४ अंश दिसले की काढा. स्मोकरच्या सेन्सरवर यासाठी विसंबू नका, तो हवेचं तापमान सांगतो. मग लक्ष्याचं बटण शून्यावर, ‘विझवणे’ सुरू, आणि पंखा पंधरा मिनिटांनी आपोआप थांबल्याचा आवाज ऐकूनच खाली जेवायला या.